डोंगर दिसतो, वाट कुठाय?

उंचीचा हिशेब मांडला तर ठाणेकराने डोंगर बघायला इंग्लंड गाठावं असं तिथे काही नाही. तिथलं सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक, ९७८ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. लंडनकर रविवारी डबे बांधून ज्या बॉक्स हिलवर जातात ती २२४ मीटर. आपल्या येऊरच्या रांगेतलं जांभूळमाळ तिच्या दुपटीहून उंच, ४६८ मीटर. सरे परगण्यातली लीथ हिल २९४ मीटरची. तिचे हजार फूट भरायला माथ्यावर १७६५ साली बांधलेला बुरूज मोजणीत धरावा लागतो.

तरीही मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहून ठाण्यात परतलेले आईवडील तिकडच्या टेकड्यांचं कौतुक करताना थकत नाहीत. हिरवळ, मेंढ्या, दगडी कुंपणं हे सगळं त्यांच्या बोलण्यात येतंच. पण त्यांचा आवाज चढतो तो निराळ्याच गोष्टीवर. कुणाच्या तरी शेतातून, कुणाच्या तरी कुरणातून आपण मैलभर चालत गेलो आणि कुणी हटकलं नाही, याचं त्यांना खरं नवल वाटलेलं असतं.

हे नवल ठाण्यातल्या माणसाला वाटणं साहजिक आहे. येऊरचा पायथा खोपटपासून जेमतेम चार-पाच किलोमीटर. एसटी स्टँडच्या आसपास उभं राहिलं तर उंच इमारतींच्या फटींतून ती रांग दिसते. मामा-भाचे डोंगर शहराला लागून, पारसिकची टेकडी खाडीपलीकडे, आणि कल्याण-डोंबिवलीकडे सरकलं की मलंगगड नजरेतून सुटतच नाही. पाहायला डोंगर भरपूर आहेत. प्रश्न उभा राहतो तो चालायला निघाल्यावर.

शेतातून जाणारी सरकारी वाट

इंग्लंडमधल्या पायवाटेचं बळ तिच्या कागदपत्रांत आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा सार्वजनिक म्हणून नोंदलेल्या आहेत. जमीन खासगी, वाट सार्वजनिक. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला आपल्या हद्दीतल्या वहिवाटीच्या वाटांचा नकाशा करायला लावलं. प्रत्यक्ष फिरून नोंदी करण्याचं बरंचसं काम गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांनी केलं. त्या नकाशावर वाट असली की ती कोर्टात पुरावा ठरते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या पंचवीस हजारी प्रमाणाच्या नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात, आणि जमिनीवर खांबाला पिवळा बाण असतो. निळा बाण असला तर घोडा आणि सायकललाही मुभा.

या हक्काला कर्तव्यांची जोड आहे. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, रुंदी किमान एक मीटर. कुंपण ओलांडायच्या पायऱ्या आणि फाटकं नीट राखणं जमीनमालकाकडे. वाट मोकळी राहते की नाही हे बघणं स्थानिक प्रशासनाकडे. चालणाऱ्याने वाट सोडायची नाही, फाटक लावून घ्यायचं, कुत्रा आवरायचा. असा सगळा रोखठोक व्यवहार आहे.

तो सुखासुखी जमलेला नाही. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधोमध किंडर स्काउट नावाचं ओसाड पठार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उमरावांच्या ताब्यात होतं आणि ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. खाली गिरण्यांचा धूर, वर मोकळी हवा, आणि मध्ये मालकाचे राखणदार. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या कामगार तरुणाच्या पुढाकाराने काही शे लोक जाहीरपणे, सांगून-सवरून त्या पठारावर घुसले. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. शिक्षा ऐकून, तोवर तटस्थ असलेलं लोकमत चालणाऱ्यांच्या बाजूने झुकलं. पुढे १९४९ चा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि किंडर त्यात आलं. २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि गायरानांच्या नोंदलेल्या मुलखात वाट सोडूनही हिंडायची मुभा दिली. २००२ मध्ये, सत्तराव्या वर्षदिनाला, डेव्हनशरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळातल्या त्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली.

भांडण मिटलेलं नाही. मोकळं हिंडायची मुभा इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के भूमीवर आहे. डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकून रात्र काढता येईल की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये तंबूवाल्यांच्या बाजूने सुटला. जुन्या नकाशांवर असलेल्या, पण नोंदीतून निसटलेल्या ४९ हजार मैल वाटा रॅम्बलर्स संस्थेच्या स्वयंसेवकांनी शोधून काढल्या आहेत. बॉक्स हिलवरून खालचा देखावा बघणाऱ्या माणसाच्या पायाखाली एवढा खटाटोप आहे.

ठाण्याचा कलेक्टर आणि माथेरान

डोंगरमाथ्यावरून देखावा बघण्याची ही इंग्रजी हौस महाराष्ट्रात ठाण्याच्या कलेक्टरने आणली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावापाशी मुक्कामाला होता. समोरचा डोंगर बघून तो वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. पुन्हा येऊन त्याने वर घर बांधलं. तेव्हा मुंबई-ठाणे रेल्वे सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती, आणि माथेरान ठाणे जिल्ह्यातच होतं. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेले आणि साहेबांची रीघ लागली. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली दोन फूट रुंदीची रेल्वे १९०७ मध्ये नेरळहून वर पोचली. मॅलेटने माथेरान ‘शोधलं’ असं पुस्तकं सांगतात, पण डोंगरावर धनगर, ठाकर आणि कातकऱ्यांचा वावर होताच.

आज माथेरानात अडतीसेक पॉइंट मोजतात. पॅनोरमाला सूर्योदय, पॉर्क्युपाइनला सूर्यास्त, लुईझावरून प्रबळगड, गारबटवरून उल्हासचं खोरं. सुट्टीचा माणूस दस्तुरीला उतरतो, घोडा करतो, ठरावीक पाच-सात पॉइंट उरकतो, कठड्याला टेकून फोटो काढतो, चिक्की आणि चपला घेऊन परततो. मोटारींना बंदी आणि २००३ पासूनचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचं कवच, यामुळे झाडी टिकली आहे. तांबड्या मातीच्या त्या सावलीतल्या रस्त्यांवर चालण्यासारखं सुख मुंबईच्या इतक्या जवळ दुसरीकडे मिळणार नाही.

पण त्याच कठड्यांच्या अलीकडे-पलीकडे दुसरं माथेरान चढत-उतरत असतं. धोधाणीकडून सनसेट पॉइंटला येणारी वाट, भिवपुरीकडून गारबटला येणारी, चौकच्या अंगाने वन ट्री हिलला येणारी. पायथ्याच्या वाड्यांतली माणसं कामाला, बाजाराला या वाटांनी वर येतात. बाया डोक्यावर ओझं घेऊन चढतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरून त्या ज्या सहजतेने जातात ते बघून ट्रेकिंगचे बूट घातलेला माणूस बाजूला होऊन वाट देतो. पर्यटनाच्या माहितीपत्रकात पॉइंटांची यादी असते. या वाटांची नसते. साहेबाने देखावा दिला, कठडा दिला, बाक दिला. स्वतःच्या देशात ज्या गोष्टीसाठी त्याची माणसं भांडत होती, ती मात्र इथे दिली नाही.

दोन तारखा, दोन देश

१८६५ साली लंडनमध्ये कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटी स्थापन झाली. गायरानं आणि माळ जमीनदारांच्या कुंपणात जाऊ नयेत, लोकांची वहिवाट टिकावी, हा तिचा हेतू. त्याच १८६५ साली हिंदुस्थानात पहिला वन कायदा झाला आणि जंगल सरकारजमा व्हायला सुरुवात झाली. १८७८ साली ब्रिटिश संसदेने एपिंग फॉरेस्टचा कायदा करून लंडनजवळचं ते जंगल लोकांसाठी खुलं राखलं. त्याच १८७८ साली हिंदुस्थानचा दुसरा, अधिक कडक वन कायदा आला. साम्राज्य एक, वर्षं तीच. तिकडे वाट उघडत होती, इकडे बंद होत होती.

या बंदीचा चटका ठाणे जिल्ह्याला फार बसला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला लागणारा राब, सरपण, गुरांची चराई, सगळ्यांवर वनखात्याचा हात पडला. ओरड एवढी झाली की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. मॅलेटच्या डोंगरावर साहेबांचे बंगले उठत होते त्याच जिल्ह्यात खालचा कुळवाडी रानात शिरायचा हक्क मागत होता.

आज लागू असलेला वन कायदा १९२७ चा आहे. त्याचं पंचविसावं कलम असं सांगतं की राखीव जंगलातली सार्वजनिक किंवा खासगी वाट, सोयीची पर्यायी वाट असल्यास, राज्य सरकारच्या मंजुरीने वन अधिकारी बंद करू शकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात, हमरस्त्याने जाणारे आणि तिथे हक्क असलेले वगळता, बाकीच्यांना परवानगी लागते. दोन्ही कायद्यांत चालण्याच्या आनंदासाठी येणारा माणूस हा मुळात परका आहे. त्याने परवाना मागायचा आणि नाही म्हटलं तर परत फिरायचं.

आपल्या कायद्याला वाट ठाऊक नाही असं मात्र नाही. गावनकाशात पायवाटा आणि गाडीरस्ते तुटक रेघांनी दाखवलेले असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने शेतकरी दुसऱ्याच्या बांधावरून स्वतःच्या शेतात जायला रस्ता मागू शकतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली वहिवाटीचा अडवलेला रस्ता तहसीलदार मोकळा करून देऊ शकतो. पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये योजनाही काढली. म्हणजे नकाशा आहे, वहिवाटीचं तत्त्व आहे, निवाडा करणारा अधिकारीही आहे. फक्त हे सगळं शेतीच्या बांधाशी येऊन थांबतं. डोंगर सुरू झाला की कागद संपतो.

चालून चालून टिकलेल्या वाटा

आणि वाटांची आपली परंपरा तर इंग्लंडच्या कितीतरी आधीची. मुरबाडहून पुढे वैशाखरे गाठलं की नाणेघाटाची चढण लागते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे जायचा. माथ्यावरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात जकात पडायची असं लोक सांगतात. येऊरच्या रांगेपलीकडे कान्हेरीची लेणी आहेत, आणि तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख येतो. कल्याणचा व्यापारी तिथे काही लोकल बदलून गेलेला नव्हता.

स्वातंत्र्याच्या लढ्यानेही याच वाटा वापरल्या. भाई कोतवाल माथेरानचे, जन्म १९१२ चा. वकिली शिकलेल्या या माणसाने १९४२ मध्ये आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. पोलिसांना चकवत डोंगरातून डोंगरात जायचं तर आदिवासींच्या वाटा आणि त्यांचा पाठिंबा, दोन्ही हवं. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या दिवशी माणसं सिद्धगडावर जमतात.

ज्या वाटेला श्रद्धेचे पाय लागतात ती आपोआप टिकते. मलंगगडाची चढण त्याचा पुरावा. हौशी भटक्यांनी टिकवलेल्या वाटाही आहेत. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’, यंग झिंगारो ट्रेकर्सचं ‘सांगाती सह्याद्रीचा’, हरीश कपाडियांची इंग्रजी मार्गदर्शिका, या पुस्तकांनी दोन-तीन पिढ्यांना वाट दाखवली. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या २१४ डोंगरांची आल्फ्रेड वेनराइटने १९५५ ते १९६६ या काळात हातांनी रेखाटून सात पुस्तकं केली, त्या तोलाचं काम आपल्याकडे झालेलं आहे. फरक एवढाच की वेनराइटच्या रेघेमागे कायदा उभा होता. आपल्या लेखकांच्या रेघेमागे गावातल्या कुणाचा तरी चांगुलपणा.

वाट नसण्याची किंमत सर्वांत जास्त कोण मोजतं, ते इर्शाळवाडीने दाखवलं. माथेरानच्या शेजारच्या इर्शाळगडावर भटक्यांची ये-जा नेहमीची. त्याच्या कुशीतल्या ठाकरवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकं पावसातून पायी चढली, यंत्रं वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. नीट बांधलेली, नोंदलेली, दरवर्षी दुरुस्त होणारी पायवाट ही शहरी माणसाची चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती चढण डोळ्यांसमोर आणावी. ती वाट आधी वाडीची असते, पाहुण्याची नंतर.

येऊरचं फाटक

आता पुन्हा ठाण्यात येऊ. उपवनच्या तळ्याकडून चढणारा रस्ता वनखात्याच्या फाटकातून येऊर गावाकडे जातो. सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी याच डांबरी रस्त्यावर. पाटोणापाडा, जांभूळपाडा अशा पाड्यांमधून वारली कुटुंबं राहतात. त्यांच्या अध्येमध्ये बंगले आणि हॉटेलंही आहेत. ज्याच्यापाशी मोटार आणि पैसे आहेत त्याला डोंगरावर रात्री जेवायला जाता येतं. ज्याला नुसतं चालायचं आहे त्याला डांबर सोडून आत पाऊल टाकायची मोकळीक नाही.

वनखात्याची बाजू मात्र भक्कम आहे. येऊर ज्यात येतं ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, तिन्ही बाजूंनी शहराने दाबलेलं, आणि त्यात बिबट्यांची नांदती वस्ती. किंडरचे मालकही पक्ष्यांचं निमित्त सांगायचे, पण ते पक्षी त्यांना बंदुकीसाठी हवे होते. इथला बिबट्या खरोखर राखण्यासाठी आहे. शनिवारी धबधब्यावर उतरणाऱ्या गर्दीने मागे टाकलेल्या बाटल्या आणि दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाला काढावे लागणारे मनाई आदेश बघितले, की सरसकट मोकळीक मागायला जीभ रेटत नाही. इंग्लंडमध्ये रविवारच्या चालणाऱ्याला बिबट्या भेटत नाही, हे विसरून केलेली तुलना खोटी ठरेल.

पण सरसकट मोकळीक आणि सरसकट बंदी यांच्या मधली जागा मोठी आहे. इंग्लंडच्या मुक्त मुलखातही १ मार्च ते ३१ जुलै, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात, कुत्रा आखूड दोरीने धरावा लागतो, आणि जमीनमालक वर्षातले २८ दिवस प्रवेश थांबवू शकतो. आपल्याकडे याच उद्यानाच्या बोरिवली बाजूला शिलोंढ्याची निसर्गवाट परवानगी आणि वाटाड्यासह चालता येते. येऊरच्या पाणवठ्यांवर बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणिगणनेला स्वयंसेवक बसतात. कासच्या पठारावर रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून, स्थानिक गावांच्या समित्यांना सोबत घेऊन व्यवस्था चालते. म्हणजे हंगाम, संख्या आणि सोबत ठरवून वाट खुली करण्याचा अनुभव महाराष्ट्राच्या वनखात्याला आहे. येऊरला, मामा-भाचेला, पारसिकला तो वापरायचा आहे.

दरम्यान ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. एकूण लांबी ११.८ किलोमीटर, बहुतेक सगळी डोंगराच्या पोटातून. मोटारीसाठी आपण डोंगराखालून वाट काढायला घेतली. पायी माणसासाठी डोंगरावरची एखादी नोंदलेली वाट काढणं त्या मानाने किती स्वस्त!

सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर इंग्लंडच्या १९४९ मध्येच आहे: आधी यादी. ठाणे, कल्याण, मुरबाड, शहापूर, अंबरनाथ या तालुक्यांचे जुने गावनकाशे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. त्यांवरच्या तुटक रेघा, गिर्यारोहण संस्थांचे अनुभव आणि पाड्यांवरच्या जाणत्यांची माहिती एकत्र केली, तर जिल्ह्यातल्या जिवंत आणि बुजलेल्या वाटांची पहिली नोंदवही तयार होईल. तिच्यातून वन्यजीवांना त्रास न होणाऱ्या वाटा निवडायच्या, देखभालीचं आणि सोबतीचं काम मजुरी देऊन त्या त्या वाडीकडे सोपवायचं, आणि बाकीच्या वाटा का बंद आहेत ते फाटकावर मराठीत लिहायचं. यासाठी नवा कायदा लागतोच असं नाही. लागेल तेव्हा तो मागायलाही ही वहीच उपयोगी पडेल.

किंडरवर चढलेली पोरं नुसता देखावा मागत नव्हती. तो त्यांना मँचेस्टरच्या रस्त्यांतूनही दिसत होता. त्यांनी वाट मागितली, आणि मागणारे बरेच होते म्हणून ती मिळाली. ठाण्यात पहाटे उपवनचा चढ चढणारी माणसंही काही कमी नाहीत. त्यांनी आपापसात ब्लडशुगरच्या आकड्यांबरोबर एकदा गावनकाशाचीही चर्चा करावी आणि एक अर्ज लिहावा. अर्ज फेटाळला गेला तरी फेटाळण्याचं कारण लेखी द्यावं लागेल, आणि या डोंगरांच्या बाबतीत तेवढं लेखी उत्तरही आजवरच्या मौनापेक्षा बरं.